जोड पक्का होता

मी आयुष्यभर तडे शोधण्याचा पगार घेतला. चितेगावच्या एका कारखान्यात तपासणी विभागात होतो. आमची पद्धत साधी होती. लोखंडाच्या भागावर लाल रंग फवारायचा, दहा मिनिटं थांबायचं, रंग पुसून टाकायचा आणि वरून पांढऱ्या पावडरीचा पातळ थर मारायचा. तडा असेल तर आत शिरलेला लाल रंग पांढऱ्यातून वर येतो. आधी ठिपका, मग रेघ. केसाहून बारीक तडाही लपत नाही. रेघ आली की मी नापासाचा शिक्का मारायचो आणि कुणाचं ऐकायचो नाही.

अशा माणसानं स्वतःच्या घरातला एक तडा चिकटपट्टी लावून झाकला आणि त्याचा दोष दुसऱ्याच्या अंगावर पडू दिला. पंचवीस वर्षं झाली. ज्यांच्यासमोर तो दोष पडला, त्यांतले काही लोक अजून या शहरात आहेत, म्हणून हे लिहून ठेवतो आहे. आज लिहिताना थोडा आनंदही आहे.

सुरुवात फोननं झाली. मुलीचा फोन. ती पुण्यात असते, चाळिशी ओलांडली आहे. तिकडं म्हणे जुन्या स्टीलच्या डोंगरी सायकलींना पुन्हा दिवस आले आहेत. लोक माळ्यावरच्या फ्रेमा उतरवून, घासून, रंगवून चालवतात. ती एका दमात बोलत होती आणि शेवटी तिनं विचारलं, "बाबा, माझी ती फ्रेम आहे ना अजून?"

फ्रेम होती. गारखेड्याच्या आमच्या घराच्या गच्चीवर, जुन्या कूलरच्या मागं, पोत्यात गुंडाळलेली. टाकून द्यायचं धाडस मला कधी झालं नाही आणि उघडून बघायचंही झालं नाही. मी "आहे" म्हणालो. तिनं तिकडून जी किंचाळी मारली, ती सतरा वर्षांच्या मुलीची होती.

ती सायकल आमच्याकडं आली ती योगायोगानं. कारखान्यात यंत्र बसवायला एक परदेशी इंजिनियर आला होता. वर्षभर राहिला आणि जाताना आपली सायकल मला देऊन गेला. जाड टायर, आडवं हँडल, फिकट हिरवा रंग. नळ्या अशा पातळ की बोटानं टिचकी मारली तर पितळी भांड्यासारख्या वाजायच्या. आमच्या सायकली तेव्हा दोन हातांनी उचलाव्या लागत. ही सायकल माझी मुलगी एका हातानं जिन्यावरून न्यायची. आमच्या शहराला लागूनच असलेल्या साताऱ्याच्या डोंगराकडं रविवारी सकाळी सायकली घेऊन जाणारी एक मंडळी होती, त्यांच्यात ती सर्वांत लहान आणि चढावर सर्वांत पुढं.

वर्षभरानं फ्रेमला पहिला तडा गेला. पायडल ज्या आडव्या, आखूड नळीत फिरतात तिला मिस्त्री लोक बीबी म्हणतात. तिथून मागच्या चाकाकडं जाणारी उजवी नळी मुळाशी उकलली होती. मी ती घेऊन मिस्त्रीकडं गेलो.

मिस्त्री म्हणजे आमच्याच कारखान्यातला वेल्डर. मुकुंदवाडीला रेल्वे स्टेशनच्या अलीकडं त्याचं घर आणि घराला लागून पत्र्याची शेड. कारखान्यात तो जोड करायचा आणि मी तपासायचो. इतक्या वर्षांत त्याचे मोजून चार जोड मी नापास केले असतील, आणि त्या चारही वेळा तो हसत म्हणाला होता, "इन्स्पेक्टर, तुमची नजर लई वंगाळ हाय." सगळ्या कारखान्यात मला साहेब न म्हणता इन्स्पेक्टर म्हणणारा तो एकटाच, आणि त्यात आमचं सगळं सख्य होतं.

त्यानं फ्रेम हातात घेतली, वाजवली, कानाशी धरली. म्हणाला, ही आर्कवर, म्हणजे विजेच्या वेल्डिंगवर, जोडायची नाही, जळून जाईल. त्यानं गॅसची ज्योत बारीक करून पितळेचा जोड दिला. सगळा रविवार त्यात गेला. पितळ वितळून उकललेल्या फटीत ओढलं जाताना मी पाहिलं आहे. मध पोळीत मुरावा तसं ते आत गेलं. जोड थंड झाल्यावर त्यानं बीबीच्या तळाशी खडूनं एक ठिपका काढला.

"इथं एक बारकं भोक पाडू का? शीटच्या नळीतून पाणी खाली उतरतं अन् इथंच साचून बसतं. भोक असलं की गळून जाईल."

मी नाही म्हणालो. परदेशी फ्रेम, तिला भोक कसलं पाडता, असं काहीसं बोललो. त्यानं खडूचा ठिपका अंगठ्यानं पुसला. "तुमची मर्जी. मंग पाणी जाऊ देऊ नका आत."

आता माझी चूक सांगतो. ती अशी आहे की ती या शहरातल्या माणसालाच सुचेल. आमच्याकडं नळाला तेव्हाही रोज पाणी नसायचं. पाण्याच्या दिवशी पहाटेपासून मोटर लावून गच्चीवरची टाकी भरायची. टाकी भरली की वरच्या पाइपातून पाणी सांडायचं आणि ते सांडलेलं पाणी बघून जीव तुटायचा. मी त्यावर युक्ती काढली. त्या पाइपाखाली सायकल उभी करायची. पाणी वाया जात नाही आणि सायकल आपोआप धुऊन निघते. गल्लीत या युक्तीचं कौतुक झालं. शेजारच्यांनी आपली स्कूटर गच्चीवर नेता येत नाही म्हणून हळहळ केली. आणि शीट भिजून फुगू नये म्हणून मी ते आधी उपसून, त्याच्या दांड्यासकट घरात ठेवायचो.

शीट काढलं की उभ्या नळीचं तोंड वर उघडं राहतं. मी दर पाण्याच्या दिवशी त्या उघड्या तोंडात टाकी सांडत होतो. दीड-दोन वर्षं. बाहेरून फ्रेम लखलखीत होती.

मग ती दिवाळीच्या सुटीतली सकाळ. मुलगी वर पाण्याची बाटली भरत होती आणि मी खाली अंगणात साखळीला तेल देत होतो. बीबीच्या वर दोन बोटांवर, उभ्या नळीवर, हिरव्या रंगात एक रेघ दिसली. रेघेच्या कडेला तपकिरी डाग होता, कपाच्या कडेला वाळलेल्या चहासारखा. नुसता रंग तडकला तर असा डाग येत नाही. आतून गंज पाझरतो तेव्हाच येतो. मला ते कळलं. कळलं नाही असं मी पंचवीस वर्षं स्वतःला सांगत आलो, पण कळलं होतं. कारखान्यात तो भाग एका क्षणात बाजूला फेकला असता.

ती वरून हाका मारत होती, मंडळी निघतील म्हणून. नाही म्हटलं तर तोंड पाडून बसली असती. शिवाय का नाही, ते सांगावं लागलं असतं, आणि माझी कौतुकाची युक्ती उघडी पडली असती. मी खणातली चंदेरी चमकती पट्टी काढून नळीला दोन वेढे दिले. ती खाली आली, पट्टी बघितली आणि म्हणाली, मस्त दिसतंय.

डोंगर उतरताना फ्रेम तिथंच उकलली. मागचं चाक एका बाजूला झुकलं आणि ती दगडांवर पडली. खांद्याजवळचं गळ्याचं हाड मोडलं, डावं मनगट मोडलं. ती बरी झाली, आज दोन्ही हातांनी सगळं करते. पण सायकल सुटली.

तिला दवाखान्यात प्लास्टर घातल्यावर संध्याकाळी मी सायकल आणायला डोंगराच्या पायथ्याच्या चहाच्या टपरीवर गेलो. मंडळी थांबली होती. त्यांच्यातले एक बँकेतले मॅनेजर गुडघ्यावर बसून फ्रेम निरखत होते. तडा पट्टीखाली होता आणि त्याच्या शेजारी, दोन बोटांवर, जोडाचं पिवळं पितळ दिसत होतं. त्यांनी वर बघून विचारलं, हे पितळ कुणी भरलंय. मी सांगितलं, मुकुंदवाडीच्या मिस्त्रीनं.

"तरीच," ते म्हणाले. "अशांच्या हाती द्यायचीच कशाला?"

मिस्त्रीच्या गल्लीच्या तोंडाशी निळा झेंडा आहे, हे तिथल्या सगळ्यांना माहीत होतं. मी पूर्वी भिक्षुकी आणि कारकुनी करणाऱ्या घरातला. तो 'अशांच्या' मी लहानपणापासून ऐकलेला आहे. त्याचं वजन मला नीट माहीत होतं. मी तेव्हा एवढंच म्हणायला हवं होतं की तडा जोडावर नाही, त्याच्या वरच्या नळीवर आहे, आणि तो माझ्यामुळं आहे. मी चहा प्यायलो. मी खोटं काहीच बोललो नव्हतो. विचारलेल्या प्रश्नाचं खरं उत्तर दिलं होतं, आणि तेवढं पुरलं.

त्यातून काय गेलं ते सांगायला हवं. मिस्त्रीला नोकरी सोडून सायकलींच्या फ्रेमा बनवायच्या होत्या. अँगलचे तुकडे जोडून त्यानं एक सांगाडा तयार केला होता. त्यात नळ्या अडकवायच्या म्हणजे फ्रेम वाकडी होत नाही. या मंडळींतले तिघं-चौघं त्याच्याकडं कामं आणायला लागले होते. त्या दिवाळीनंतर एकही आला नाही. तो कारखान्यातून निवृत्त होईपर्यंत कारखान्यातच राहिला आणि शेडमध्ये खिडक्यांच्या जाळ्या, गेट आणि कूलरचे स्टँड बनवत राहिला. त्यानं मला कधी काही विचारलं नाही. फक्त मला साहेब म्हणायला लागला.

मुलगी शुक्रवारी आली आणि बॅग ठेवून थेट गच्चीवर गेली. पोतं सोडलं तर फ्रेम निघाली. हिरवा रंग उडालेला, पण पट्टी जागच्या जागी. ती पट्टी नखानं सोलायला लागली तेव्हा मी तिचा हात धरला आणि तिथंच, कूलरच्या कट्ट्यावर बसून, सगळं सांगितलं. टाकी, भोक, डाग, पट्टी, टपरी. ती मान खाली घालून ऐकत होती. मला वाटलं आता तो मोडलेला खांदा चोळेल. तिनं पट्टी ओढून काढली, मोबाइलचा दिवा लावून तडा बघितला आणि विचारलं, "काकांना माहीत आहे?"

मी नाही म्हणालो.

"मग मला आधी कशाला सांगताय? माझं हाड जुळलं. चला."

त्याच दुपारी आम्ही एमआयडीसीतल्या दुकानातून तीन डबे घेतले: सफाईचा, लाल आणि पांढरा. चौदा वर्षांनी ते डबे हातात घेतले आणि खरं सांगतो, मला एकदम तरतरी आली. रिक्षात मी मुलीला पद्धत समजावत होतो, ती प्रश्न विचारत होती, रिक्षावालाही वळून वळून ऐकत होता.

मिस्त्री शेडमध्येच होता. केस पांढरे, चष्म्याची काडी तारेनं बांधलेली. "या साहेब," म्हणाला आणि त्याची नजर माझ्या हातातल्या फ्रेमवर गेली. मुलीला त्यानं ओळखलं, खांदा कसा आहे विचारलं. मी उभ्यानंच बोललो. गच्चीवर सांगितलं ते सगळं, काही न गाळता, 'अशांच्या'सकट.  संपल्यावर डब्यांकडं बोट दाखवून म्हणाला, "तपासा."

रंग घासून काढला. तडा आणि जोड दोन्हींवर लाल फवारा मारला. दहा मिनिटं. ती दहा मिनिटं मी विसरणार नाही. मला अचानक भीती वाटली, की जोडावरही रेघ आली तर? पंचवीस वर्षांत काहीही होऊ शकतं. आणि माझ्या मनात, सांगायला लाज वाटते, क्षणभर अशी आशाही डोकावली की आली तर माझं ओझं अर्धं होईल. मिस्त्री स्टुलावर बसून त्याच जागेकडं बघत होता. त्याला दुसरीच भीती असणार, मी पुन्हा काही झाकतो की काय याची.

लाल पुसलं. डबा हलवून पांढरा थर दिला. मुलगी वाकून बघत होती. उभ्या नळीवर आधी तीन ठिपके आले, मग ते जुळले, मग रेघ पळत सुटली आणि नळीला जवळजवळ वळसा घालून थांबली. रक्तासारखी लाल. दोन बोटं खाली पितळेचा जोड होता. तिथं पांढरं, नुसतं पांढरं. आम्ही आणखी दहा मिनिटं थांबलो. पांढरंच. मी भिंग मागून घेतलं आणि जोडाभोवती दोनदा फिरवलं. सुईच्या टोकाएवढा ठिपका नव्हता.

"पास," मी म्हणालो. आवाज माझा मलाच मोठा वाटला.

मिस्त्रीनं करवत घेतली आणि तड्याच्या वर नळी कापली. मग तड्यातच करवत घालून उरलेला धागाही तोडला. वीतभर तुकडा सुटा झाला. बीबी उलटी केली तर आतून वाटीभर तांबडी खपली जमिनीवर पडली. नळीची कड खाली खाली पातळ होत गेली होती, तड्यापाशी तर वहीच्या पुठ्ठ्याएवढीसुद्धा उरली नव्हती. मुलीनं बोट घातलं ते कातासारखं रंगून बाहेर आलं.

मी माफी मागायला लागलो तर त्यानं हात वर केला.

"इथं नाय. इथं मला ठावंच होतं की माझा जोड पक्का हाय. जिथं म्हटलं होतं तिथं सांगा."

रविवारी आम्ही तिघं त्या टपरीवर गेलो. तुकडा माझ्या पिशवीत होता. टपरीची आता पत्र्याची शेड झाली आहे, सकाळी पोरं कार्बनच्या सायकली घेऊन येतात. जुन्यांतले तिघं होते, त्यात मॅनेजर. पंच्याहत्तरीचे, तरी अजून सायकलीवर येतात, आणि सायकल त्यांची अजून तीच, स्टीलची. मी चहा सांगितला आणि प्यायच्या आधी बोललो. या वेळी त्या क्रमाला महत्त्व होतं. भाषण वगैरे नाही, चार वाक्यं. तडा जोडावर नव्हता. तडा मी त्या दिवशी सकाळीच पाहिला होता. झाकला होता. नळी माझ्या टाकीच्या पाण्यानं आतून खाल्ली होती. तुकडा टेबलावर ठेवला.

मॅनेजरांनी आपला कप पुढं ओढला. म्हणाले, अहो, इतकं जुनं, मला तर आठवतही नाही कोण काय म्हणालं.

"मला आठवतं," मिस्त्री म्हणाला.

बास, एवढंच. टपरीवाला कप विसळायचा थांबला. मॅनेजरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मग तुकडा उचलून त्यात बोट घातलं, कड चाचपली, तपकिरी झालेलं बोट बघितलं. "मी म्हणालो होतो," ते म्हणाले, बरंच हळू. "आठवतं मला. चुकलं माझं." मिस्त्रीनं मान हलवली. ती माफी होती की नुसती पोच, मला सांगता येणार नाही, आणि मी त्याला विचारलंही नाही.

पण पुढं जे झालं त्यानं सगळी टपरी उठून उभी राहिली. मॅनेजर आपल्या सायकलीकडं गेले, शीट उपसलं आणि म्हणाले, माझीही बाहेरच उभी असते. दोन पोरांनी सायकल उलटी धरली. आत काहीतरी खुळखुळलं आणि नळीच्या तोंडातून काळपट तांबड्या पाण्याची धार लागली. धार थांबेना. पोरं हसायला लागली, मग एकेकानं आपापलं शीट उपसायला घेतलं. कार्बनवाल्यांनीसुद्धा. मिस्त्री एकेका सायकलीपाशी जाऊन नळीला टिचकी मारत होता, कान लावत होता, आणि माझी मुलगी त्याच्यामागून दिवा धरून फिरत होती. मॅनेजरांच्या फ्रेमपाशी तो बराच वेळ वाकला होता. "ही वाचंल," म्हणाला. "मंगळवारी आणा."

मिस्त्रीनं फ्रेमांचा तो जुना सांगाडा भिंतीवरून उतरवला आहे. परवा गेलो तेव्हा त्यात मुलीची फ्रेम अडकवलेली होती. उभी नळी नवी, पितळेनं जोडलेली. तळाशी खडूचा ठिपका होता आणि त्यानं ड्रिल माझ्या हातात दिलं. मी भोक पाडलं. थोडं तिरपं गेलं. तो म्हणाला, चालंल, पाण्याला सरळ-तिरपं कळत नाय.

मुलीला पुन्हा तोच फिकट हिरवा रंग हवा आहे. मिस्त्रीनं एक अट घातली. सगळी रंगवा, पण जुन्या आणि नव्या जोडांवर रंग नको, नुसतं पारदर्शक लाखेचं पाणी. पितळ दिसलं पाहिजे.

"विचारू द्या लोकांना कुणी भरलंय ते," तो म्हणाला. "तुम्ही सांगा, इन्स्पेक्टर."